जुन्या पिकअपचा गंज : घरगुती उपचार आणि बालकांविषयीची दक्षता

बालरोगतज्ज्ञाने मोटारीच्या पत्र्याविषयी लिहावे, याचे आपल्या मंडळातील काही सभासदांना नवल वाटेल. परंतु गेली काही वर्षे रविवारी सकाळी माझ्या अंगणात जे काम चालते, त्याची चौकशी प्रत्येक स्नेहसंमेलनात होतेच. चौकशी करणाऱ्यांपैकी अनेकांच्या घरी आजोबांची फियाट, ॲम्बेसेडर किंवा शेतावरची जीप झाकून ठेवलेली आहे, हेही मला ठाऊक आहे. म्हणून या विषयाची थोडी पद्धतशीर मांडणी करावी असे वाटले. आणखीही एक कारण आहे. या छंदाचा माझ्या व्यवसायाशी जो संबंध आहे तो गॅरेजात कोणी सांगत नाही, आणि दवाखान्यात कोणी विचारत नाही.

माझ्याकडील गाडी म्हणजे वडिलांनी महूजवळच्या शेतीसाठी १९७० च्या दशकात घेतलेली महिंद्राची जीप-पिकअप. १९४५ मध्ये पोलादाच्या व्यापारासाठी 'महिंद्रा अँड मोहम्मद' या नावाने स्थापन झालेली ही कंपनी १९४८ मध्ये 'महिंद्रा अँड महिंद्रा' झाली आणि अमेरिकेच्या विलीज कंपनीच्या परवान्याने जीप बनवू लागली. त्या घराण्यातील गाड्यांची रचना साधी, सरळ पत्र्यांची असते. त्यामुळे घरच्या घरी दुरुस्ती करू पाहणाऱ्यास त्या सोयीच्या पडतात.

गंज का चढतो?

गंज हा केवळ पाण्याचा परिणाम नव्हे. लोखंड, पाणी आणि प्राणवायू ही तिन्ही एकत्र आली म्हणजे पत्र्यावर सूक्ष्म विद्युतघट निर्माण होतात. एका बिंदूवर लोह विरघळते, दुसऱ्या बिंदूवर प्राणवायूचा संयोग होतो, आणि मधले पाणी तारेचे काम करते. त्या पाण्यात क्षार असतील तर वहन वाढते व क्रिया वेगाने होते. ॲल्युमिनियमवर तयार होणारा ऑक्साईडचा थर घट्ट बसतो आणि खालच्या धातूचे रक्षण करतो. लोखंडाचा गंज मात्र सच्छिद्र असतो. तो मूळ धातूपेक्षा कित्येक पट जागा व्यापतो, रंग उचलून धरतो आणि स्पंजाप्रमाणे ओलावा धरून ठेवतो. म्हणूनच रंगावर दिसणारा लहानसा फुगवटा हा आतल्या मोठ्या व्याधीचे बाह्य लक्षण असतो.

माळव्याची हवा आठ महिने कोरडी असते. मुंबई-कोकणाप्रमाणे येथे खारा वारा नाही. मग गाड्या गंजतात कशाने? याचे उत्तर आपल्या काळ्या मातीत आहे. ही माती पाणी धरून ठेवते. चाकावरील मडगार्डाच्या आत, पायरीखाली आणि हौद्याच्या तळाशी चिकटलेला तिचा थर पावसाळा संपल्यानंतरही कित्येक दिवस ओलसर राहतो. शेतावरच्या गाडीत त्यावर खताच्या गोण्यांची भर पडते. पोटॅशचे खत म्हणून वापरले जाणारे म्युरिएट ऑफ पोटॅश हे पोटॅशियम क्लोराईड असते. फाटक्या गोणीतून सांडलेले हे खत आणि ओली माती यांचा संयोग समुद्राच्या खाऱ्या हवेइतकाच पत्र्याला घातक ठरतो.

येथे इंदूरपासून साठ-पासष्ट किलोमीटरवर असलेल्या धारच्या लोहस्तंभाची आठवण होणे स्वाभाविक आहे. लाट मशिदीच्या आवारात ठेवलेले त्याचे तीन तुकडे अनेक शतके ऊन-पावसात असूनही नष्ट झालेले नाहीत. दिल्लीच्या लोहस्तंभाचा अभ्यास करणारे कानपूर आय.आय.टी.चे डॉ. आर. बालसुब्रमण्यम यांनी या टिकाऊपणाचे श्रेय प्राचीन लोखंडातील फॉस्फरसला दिले आहे. त्याच्यामुळे धातू आणि गंज यांच्यामध्ये फॉस्फेटचा एक पातळ, संरक्षक पापुद्रा तयार होतो. आधुनिक पोलादातून फॉस्फरस जाणीवपूर्वक काढून टाकतात, कारण तो पोलादाला ठिसूळ करतो. गाडीच्या पत्र्याला म्हणूनच हे संरक्षण जन्मतः मिळत नाही, ते बाहेरून द्यावे लागते. पुढे ज्या फॉस्फोरिक आम्लाचा उल्लेख येईल, त्याचे महत्त्व यात आहे.

निदान

उपचारापूर्वी निदान, हा आपला नियम येथेही लागू आहे. गाडी स्वच्छ धुऊन, पूर्ण वाळवून, सर्व रबरी चटया काढून तपासावी. पेचकसाच्या मुठीने पत्र्यावर टकटक करीत जावे. निरोगी पत्र्याचा नाद खणखणीत येतो, आतून पोखरलेल्या पत्र्याचा बद्द. आपल्या तालवादनाच्या परीक्षेसारखेच हे आहे. दाराचा तळ, केबिनचे मागचे कोपरे, काचेच्या रबराखालची कड आणि हौद्याचे सांधे ही नेहमीची स्थाने आहेत. एक साधे लोहचुंबक जवळ ठेवावे. ते जेथे चिकटत नाही तेथे पूर्वी कोणीतरी जाड लांबी भरून भोक झाकलेले आहे असे समजावे.

भाजलेल्या रुग्णाप्रमाणे गंजाच्याही तीन पायऱ्या मानाव्यात. पहिल्या पायरीत केवळ पृष्ठभाग तांबूस होतो. दुसऱ्या पायरीत पापुद्रे सुटतात आणि पत्र्यावर खळगे पडतात. तिसऱ्या पायरीत पत्रा आरपार जातो. पहिल्या दोन पायऱ्यांचा उपचार घरी शक्य आहे. तिसरीसाठी कुशल डेंटर आणि वेल्डर यांची मदत घ्यावी. चासी, पुढच्या-मागच्या पाट्यांचे आधार आणि ब्रेकच्या नळ्या यांवरील गंज तर प्रथमपासूनच तज्ज्ञाकडे सोपवावा, कारण तेथे प्रश्न सौंदर्याचा नसून प्राणांचा आहे.

शिसे : या लेखाचा गाभा

जुन्या गाडीच्या रंगात शिसे असते असे गृहीत धरूनच कामास हात घालावा. पिवळ्या, नारिंगी व तांबड्या छटांसाठी लेड क्रोमेट वापरले जाई, आणि गंजरोधक अस्तर म्हणून शेंदूर. आपण मारुतीला वाहतो तो पारंपरिक शेंदूर आणि लोखंडी पुलांना लावले जाणारे जुने तांबडे अस्तर ही एकाच पदार्थाची, म्हणजे लेड टेट्रॉक्साईडची रूपे आहेत. हल्ली दुकानात मिळणारे रेड ऑक्साईड हे लोहाचे ऑक्साईड असते. दोहोंचा रंग सारखा दिसतो, गुणधर्म मात्र निराळे. भारतात घरगुती व सजावटीच्या रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएम ठरवणारा नियम २०१६ मध्ये झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून अमलात आला. तो पूर्वीच्या रंगांना लागू होण्याचा प्रश्नच नाही, आणि मोटारीच्या रंगांचा त्यात समावेश नाही.

हा रंग कोरडा घासला की त्याची अतिसूक्ष्म धूळ उडते. ती अंगणातील मातीत, पायपुसण्यावर आणि घासणाऱ्याच्या कपड्यांवर बसते. रांगणारे मूल जमिनीवरचा हात तोंडात घालते. पोटात गेलेल्या शिशापैकी जितका भाग प्रौढांच्या शरीरात शोषला जातो, त्याच्या चार-पाच पट बालकांच्या शरीरात शोषला जातो. शरीरात लोहाची कमतरता असेल तर हे शोषण आणखी वाढते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) सहा महिने ते पाच वर्षे वयाची सुमारे ६७ टक्के बालके रक्तक्षयग्रस्त आढळली. म्हणजे शिशाला आपल्याकडे दार आधीच उघडे आहे.

माझ्या दवाखान्यात आलेल्या एका चार वर्षांच्या मुलाचे उदाहरण देतो. पोटदुखी, बद्धकोष्ठता, चिडचिड आणि लोहाच्या औषधाला दाद न देणारा रक्तक्षय अशी तक्रार होती. वडील जुन्या लोखंडी सामानाचा रंग खरवडण्याचे काम करीत आणि त्याच कपड्यांत घरी येऊन मुलाला उचलून घेत. रक्तातील शिसे तपासले, ते वाढलेले निघाले. उपचारांचा पहिला भाग औषधाचा नव्हता. कपडे कामावरच बदलणे आणि हातपाय धुऊन घरात येणे, हा होता. मूल सुधारले. परंतु मेंदूच्या वाढीवर झालेला परिणाम मागे फिरवणारे औषध नाही, हे आपण सर्वजण जाणतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शनानुसार रक्तातील शिसे प्रति डेसिलीटर ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक असेल तर त्याचा स्रोत शोधून दूर करावा. शिशाची निर्धोक अशी पातळी मात्र ज्ञात नाही.

यावरून घरच्या कामाचे नियम आपोआप ठरतात. लहान मुले व गर्भवती स्त्रिया यांना कामाच्या जागेपासून दूर ठेवावे. गाडीखाली जाड प्लॅस्टिक अंथरावे. रंग कधीही कोरडा घासू नये, जाळू नये. वॉटर पेपर पाण्यात भिजवून हाताने घासावा; ओल्या जागी विजेचे यंत्र वापरू नये. एन-९५ मुखपट्टी आणि चष्मा घालावा. निघालेला गाळ व चिंध्या पिशवीत बांधून, इंदूरच्या कचरागाडीत घरगुती घातक कचऱ्यासाठी जो स्वतंत्र कप्पा असतो त्यात द्याव्या. तुळशीच्या वाफ्यात वा गटारात ते पाणी ओतू नये. कपडे तेथेच बदलून स्वतंत्र धुवावेत.

प्रत्यक्ष उपचार

रंग काढल्यानंतर सुटे पापुद्रे खरवडून, तारेच्या ब्रशने लख्ख धातू दिसेपर्यंत गंज काढावा. गंज तसाच ठेवून वर लांबी भरणे म्हणजे गळवाचा निचरा न करता वरून टाके घालणे होय. खळग्यांच्या तळाशी राहिलेल्या गंजासाठी फॉस्फोरिक आम्ल असलेला द्राव वेष्टनावरील सूचनेप्रमाणे लावावा. त्याने गंजाचे लोह-फॉस्फेट होते. काही द्रावांत टॅनिक आम्ल असते, आणि त्याने गंज काळा पडतो. धार जिल्ह्यातल्याच बाग येथील छपाईत हिरड्याने माखलेल्या कापडावर लोहाच्या क्षाराने काळा रंग उमटवतात, त्यामागेही टॅनिन व लोह यांचा हाच संयोग आहे. स्वस्त मिळते म्हणून संडास धुण्याचे तेजाब मात्र वापरू नये. ते हायड्रोक्लोरिक आम्ल असते, आणि त्याचे क्लोराईड सांध्यांत राहून नवा गंज निर्माण करते.

आरपार गेलेल्या जागी सडका भाग निरोगी धातू लागेपर्यंत कापावा. पुठ्ठ्याचा नमुना करून मूळ जाडीचाच पत्रा कापून घ्यावा. बहुधा १८ गेजचा, म्हणजे सुमारे १.२ मिलिमीटरचा पत्रा चालतो. वेल्डिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग न करता ठिकठिकाणी टाके घालीत करावे, अन्यथा उष्णतेने पत्रा वाकतो. वेल्डिंगपूर्वी बॅटरी सोडवावी. इंधनाच्या टाकीजवळचे वेल्डिंग घरी करूच नये.

उघडा धातू रात्रभर तसा ठेवू नये. त्याच दिवशी दोन घटकांचा इपॉक्सी प्रायमर लावावा. लांबी पातळ भरावी, आणि ती प्रायमरवर. लांबी ओलावा शोषते, म्हणून तिला उघड्या धातूवर स्थान नाही. शेवटचा थर साध्या सिंथेटिक इनॅमलचा ब्रशने दिला तरी शेतावरच्या गाडीला तो शोभतो. चकचकीत पीयू रंगाच्या मोहात घरी फवारणी करू नये. त्याच्या हार्डनरमधील आयसोसायनेटमुळे दम्याचा विकार जडू शकतो, आणि धुळीसाठी असलेली मुखपट्टी त्यापासून रक्षण करीत नाही.

या कामास दिवाळीनंतरचे दिवस उत्तम. हवा कोरडी असते आणि वैशाखातल्याप्रमाणे पत्रा तापलेला नसतो. शेवटी दारांच्या तळाशी असलेली निचऱ्याची छिद्रे मोकळी करून पोकळ भागांत मेण किंवा गंजरोधक तेल सोडावे. दरवर्षी पावसाळा संपताच खालची माती धुऊन काढावी. निम्मा प्रतिबंध एवढ्यात साधतो.

दोन गैरसमज आणि एक नियम

गंजलेला खिळा लागला की धनुर्वात होतो, असे लोक मानतात. धनुर्वात गंजाने होत नाही. मातीत व शेणात असलेल्या क्लॉस्ट्रिडियम टेटॅनी या जंतूंच्या बीजाणूंनी होतो. गंजलेली वस्तू मातीत पडलेली असते आणि तिची जखम खोल असते, म्हणून ती धोक्याची. शेतावरच्या गाडीवर काम करणाऱ्याने आपले लसीकरण पूर्ण आहे ना, हे पाहावे. लसीकरणाच्या बळावर भारत २०१५ मध्ये माता व नवजात यांच्या धनुर्वातापासून मुक्त ठरला. प्रौढांनी मात्र आपल्या मात्रेचा विसर पडू देऊ नये.

दुसरा गैरसमज असा की थिनर किंवा रॉकेल प्यायलेल्या मुलास उलटी करवावी. तसे केल्यास द्राव फुफ्फुसात जाऊन न्यूमोनिया होतो. उलटी न करवता मुलास तत्काळ रुग्णालयात न्यावे. मुळात हे द्राव शीतपेयाच्या बाटलीत ओतून ठेवूच नयेत, कारण मूल बाटली ओळखते, आतला द्राव ओळखत नाही.

पन्नास वर्षांहून जुन्या, व्यापारी वापरात नसलेल्या वाहनांसाठी केंद्र सरकारने २०२१ मध्ये 'व्हिंटेज' नोंदणीची तरतूद केली. तिचे शुल्क वीस हजार रुपये ठरवण्यात आले. चासी, बॉडी व इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा, ही त्यातील मुख्य अट आहे. त्यामुळे पत्रा बदलताना मूळ आकार राखणे आणि प्रत्येक टप्प्याची छायाचित्रे काढून ठेवणे हिताचे.

ज्या सभासदांच्या घरी अशी गाडी आहे त्यांनी ती भंगारात देण्याची घाई करू नये. परंतु घरात सहा वर्षांखालील नातवंड असेल तर रंग काढण्याचे काम बाहेर द्यावे आणि उरलेले स्वतः करावे. गाडीसाठी आणखी एक वर्ष थांबता येते, वाढत्या मेंदूला थांबवून ठेवता येत नाही.