गिअरचा दांडा आखूड केला, की काय बदलतं?

जळकोटहून उदगीरकडे जाणाऱ्या एसटीत पुढच्या बाकावर जागा मिळाली, तर चालकाच्या हाताकडे नीट पाहा. बालाघाटाच्या चढावर गिअर बदलताना त्याचा हात खांद्यापासून हलतो. स्पोर्ट्‌स कारमध्ये मात्र नुसतं मनगट हललं तरी पुरतं. तेवढंही अंतर ज्यांना जास्त वाटतं, ते ‘शॉर्ट शिफ्टर’ बसवून घेतात.

दोन्हीकडे नियम तरफेचाच. रानातला धोंडा उचकटताना आपण पहारीचं लांब टोक हातात धरतो. हात जास्त सरकतो, पण जोर कमी लागतो. गिअरच्या दांड्यालाही मध्ये टेकू असतो. समजा, टेकूच्या वर ३०० मिलिमीटर आणि खाली ५० मिलिमीटर दांडा आहे. खालचं टोक १५ मिलिमीटर सरकवायला मूठ ९० मिलिमीटर सरकवावी लागेल. आता टेकू १० मिलिमीटर वर घ्या. वर २९० आणि खाली ६० मिलिमीटर उरतात, आणि मुठीची चाल साधारण ७२ मिलिमीटरवर येते. अंतर जवळपास २० टक्के घटलं, पण लागणारा जोर २४ टक्के वाढला.

इथवरचं बहुतेकांना ठाऊक असतं. खरी गंमत गिअरबॉक्सच्या आत आहे.

दुसऱ्यातून तिसरा गिअर टाकताना इंजिनचे फेरे मिनिटाला ६००० वरून समजा ४२०० वर यायला हवेत. क्लच दाबल्यावर इंजिन सुटं होतं, पण क्लचची तबकडी आणि गिअरबॉक्सचा आतला दंड वेगातच फिरत असतात. त्यांचा वेग उतरवते एक शंकूच्या आकाराची रिंग, बहुधा पितळेची. ती गिअरच्या शंकूवर घासते, आणि दोघांचे वेग जुळेपर्यंत दातांना आत शिरू देत नाही. हीच सिंक्रोमेशची करामत. १९२८ मध्ये कॅडिलॅकने ती बाजारात आणली. वेग किती लवकर जुळतील, हे रिंगवरच्या दाबावर ठरतं. आखूड दांडा पूर्वीइतक्याच जोराने ढकलला, तर रिंगवरचा दाब सुमारे १९ टक्के घटतो आणि वेग जुळायला जवळपास एक चतुर्थांश वेळ जास्त लागतो. म्हणजे हाताची वाट कमी झाली, तरी गिअर लवकर पडेलच असं नाही. तो लवकर पाडायचा तर जोर लावावा लागतो, आणि दर वेळी दांडा हिसकला तर त्याची झीज रिंग सोसते.

आपल्याकडच्या स्पोर्ट्‌स कार मोजक्याच. गोव्यात तयार झालेली सॅन स्टॉर्म ही दोन आसनी गाडी रेनॉच्या ११४९ सीसी इंजिनवर धावायची. गाड्यांचे डिझायनर दिलीप छाब्रिया यांची अवंती २०१२ च्या दिल्लीतील ऑटो एक्स्पोत दिसली; तिचं इंजिन आसनांच्या मागे. इंजिन मागे असलं, की दांड्याची हालचाल बहुधा केबलने गिअरबॉक्सपर्यंत न्यावी लागते. अशा गाड्यांत गिअरबॉक्सवरची तरफ आखूड करूनही मुठीची चाल कमी करता येते. जोराचा हिशोब मात्र तोच राहतो.

माझं मत स्पष्ट आहे. दांडा सैल, ढिला वाटतो तो बऱ्याचदा लांबीमुळे नव्हे, तर दांडा आणि गिअरबॉक्स यांना जोडणाऱ्या लिंकेजमधले रबरी बुश झिजल्यामुळे. आधी ते बदला. त्यानंतरही चाल कमी हवी असेल, तर २० टक्क्यांच्या पुढे जाऊ नका, आणि थंड गाडीत पहिले काही किलोमीटर गिअर सावकाश टाका. तेल गार आणि घट्ट असताना रिंगला पकड धरायला वेळ लागतो.