पाटी लागली, पण आदेश कुठे आहे?

गोंदियाहून गोरेगावमार्गे कोहमाऱ्याकडे निघालात, की रस्त्याच्या कडेला तऱ्हेतऱ्हेच्या पाट्या दिसतात. काही सरकारी, चकचकीत, रात्री दिव्याच्या प्रकाशात उजळणाऱ्या. काही गावातल्याच पेंटरने पत्र्यावर रंगवलेल्या. ‘शाळा आहे, वाहने हळू चालवा.’ एखाद्या पाटीला चालक मान देतो, एखादीकडे बघतही नाही. पण यातली कोणती पाटी कायद्याची आणि कोणती नुसती विनंतीची, हे पुष्कळदा चालकालाही ठाऊक नसते आणि पाटी लावणाऱ्यालाही. आज त्याविषयीच थोडे बोलू या.

विषय पुस्तकी नाही. याच मार्गावर मुरदोलीच्या जंगलात ऑगस्ट २०२३ मध्ये रस्ता ओलांडणारा एक वाघ मोटारीच्या धडकेने दगावला. याच मार्गावर २९ नोव्हेंबर २०२४ रोजी एस.टी.ची शिवशाही बस उलटली आणि अकरा जणांचा जीव गेला. दोन्ही घटनांची कारणे वेगळी. पण असे काही घडले, की मागणी एकच होते : ‘इथे वेगमर्यादा घाला.’ मागणी रास्तच. पण ती घालायची कोणी? ग्रामपंचायतीने, पोलिसांनी, बांधकाम विभागाने, की आर.टी.ओ.ने?

उत्तर मोटार वाहन अधिनियम, १९८८ मध्ये आहे. या कायद्याचे कलम ११२ वेगाविषयी आहे. कोणत्या प्रकारच्या वाहनाने जास्तीत जास्त किती वेगाने जावे, हे केंद्र सरकार अधिसूचना काढून ठरवते. ही झाली देशभराची कमाल मर्यादा. त्यानंतर राज्य सरकारला, किंवा राज्य सरकारने अधिकार दिलेल्या प्राधिकाऱ्याला, एखाद्या भागापुरती किंवा एखाद्या रस्त्यापुरती वेगळी मर्यादा ठरवता येते. त्यासाठी कारण लागते : लोकांची सुरक्षितता, त्यांची सोय किंवा त्या रस्त्याचे अथवा पुलाचे स्वरूप. ‘आम्हाला वाटले म्हणून’ हे कारण होत नाही.

आता नीट लक्ष द्या. कायदा इथे दोन गोष्टी मागतो. एक, राजपत्रात अधिसूचना. आणि दोन, कलम ११६ प्रमाणे योग्य जागी उभारलेला फलक. अधिसूचना निघाली पण फलक लागला नाही, तर परक्या गावच्या चालकाला ते कळणार कसे? आणि फलक लागला पण त्यामागे आदेशच नाही, तर त्या आकड्याला कायद्याचे पाठबळ कुठून येणार? आदेश आणि पाटी ही बैलजोडी आहे. एका बैलावर गाडी चालत नाही.

याला एक अपवाद ठेवलेला आहे. निर्बंध एक महिन्यापेक्षा जास्त काळ राहणार नसेल, तर राजपत्राची गरज नाही. वाहनांना बंदी घालण्याचा किंवा ती दुसऱ्या मार्गाने वळवण्याचा अधिकार कलम ११५ देते. तिथेही महिनाभराच्या आतल्या बंदीला स्थानिक पातळीवर पुरेशी प्रसिद्धी दिली की भागते. सालेकसा तालुक्यात माघ पौर्णिमेला कचारगडची यात्रा भरते. अशा गर्दीच्या काळात रस्ता वळवायचा, तर मुंबईच्या राजपत्राची वाट बघत बसावे लागू नये, यासाठी ही सोय आहे. पण तात्पुरते म्हणून लावलेले निर्बंध वर्षानुवर्षे तसेच चालू ठेवण्यासाठी ती नाही.

मोठ्या शहरांत असे वाहतुकीचे आदेश पोलीस आयुक्तालयातून निघतात. गोंदिया जिल्ह्यात आयुक्तालय नाही. इथे ते काम जिल्हा दंडाधिकारी, म्हणजेच आपले जिल्हाधिकारी, यांच्याकडे येते. पोलीस आणि आर.टी.ओ. जागेची पाहणी करून अहवाल देतात, बांधकाम विभाग किंवा नगर परिषद फलक उभारते. ज्याच्या हाती रंगाचा डबा, त्याच्या हाती आदेशाचा अधिकार असतोच असे नाही. ग्रामपंचायतीने ठराव करून ‘वेग २०’ अशी पाटी लावली, तर तिचा हेतू सोन्यासारखा. पण कायद्याच्या दृष्टीने ती विनंतीच.

शाळेच्या पाटीचेही तसेच. पाठीवर दप्तर घेतलेली मुले दाखवणारा, लाल कडेचा त्रिकोण आपण सर्वांनी पाहिला आहे. आपल्याकडच्या चिन्हांच्या भाषेत त्रिकोण बहुधा सावध करतो, तर लाल कडेचा गोल हुकूम देतो. ‘पुढे शाळा आहे’ एवढेच त्रिकोण सांगतो. किती वेगाने जा, हे तो सांगत नाही. मोटार वाहन कायद्यात शाळेच्या परिसरासाठी वेगळे कलम नाही. शाळेसमोर खरोखर २० किंवा २५ची मर्यादा हवी असेल, तर तीही कलम ११२च्याच वाटेने, आदेश काढून, गोल फलक लावून आणावी लागते. नुसत्या त्रिकोणावर समाधान मानणाऱ्या शाळांनी हे लक्षात घ्यावे.

वाहने कुठे उभी करायची, याचा विचार कलम ११७ मध्ये आहे. वाहनतळाच्या जागा सरकार किंवा सरकारने नेमलेला प्राधिकारी ठरवतो. मात्र नगर परिषदेसारख्या स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करून. बाजारातल्या रस्त्यावर सम-विषम तारखांचे पार्किंग करायचे, तर व्यापारी आणि रहिवासी यांचे म्हणणे आधी ऐकून घेणे शहाणपणाचे. अनेक शहरांत म्हणूनच पहिल्यांदा प्रायोगिक आदेश निघतो, हरकती-सूचना मागवतात आणि मग अंतिम आदेश होतो. गाडी उचलून नेण्याच्या कलम १२७ मध्ये शब्द आहेत ते ‘कायद्याने मनाई असलेली जागा’ अशा अर्थाचे. एखाद्या दुकानदाराने स्वतःच्या शटरवर ‘नो पार्किंग’ लिहिले, म्हणून समोरचा सार्वजनिक रस्ता मनाईची जागा होत नाही. उलट काही ठिकाणी पाटी नसली तरी गाडी लावू नये, असे वाहन चालवण्याचे नियमच सांगतात : पदपथावर, वळणावर, शाळेच्या किंवा दवाखान्याच्या फाटकासमोर.

एवढे बारकावे कशासाठी, असे कोणी विचारील. कारण मर्यादा मोडली, की दंड आहे. २०१९च्या दुरुस्तीनंतर वेगमर्यादा ओलांडणाऱ्या हलक्या वाहनाला कायद्यात एक ते दोन हजार आणि मध्यम व जड वाहनांना दोन ते चार हजार रुपये दंडाची तरतूद आहे. कायदा चालकाचीही बाजू राखतो : केवळ एका साक्षीदाराच्या ‘मला वाटते’ यावर शिक्षा होत नाही, वेग यंत्राने मोजलेला असावा लागतो. आणि तो मालकालाही सोडत नाही : मर्यादा मोडल्याशिवाय पाळताच येणार नाही असे वेळापत्रक मालकाने चालकाला आखून दिले, तर ते वेळापत्रकच मालकाविरुद्ध पुरावा ठरते.

मग आपल्या गावच्या शाळेसमोर रस्ता वाहता असेल, तर काय करावे? पाटी जरूर रंगवा, पण तिथे थांबू नका. ग्रामसभेचा ठराव घ्या. रस्ता कोणाच्या ताब्यात आहे, शाळा कितव्या किलोमीटरला आहे, मुले किती वाजता आणि किती संख्येने रस्ता ओलांडतात, आधी कोणते अपघात झाले, हे सारे एका कागदावर मांडा. तो अर्ज जिल्हाधिकाऱ्यांना द्या, प्रत पोलीस अधीक्षकांना आणि बांधकाम विभागाला. जिल्हा रस्ता सुरक्षा समितीपुढे विषय ठेवण्याची विनंती करा. आदेश निघाला, तर त्याची प्रत मागून घ्या. मिळाली नाही, तर माहितीचा अधिकार आहेच. ती प्रत शाळेच्या दप्तरात जपून ठेवा.

सायकलवरून शाळेला निघालेल्या मुलीला कलम ११२ ठाऊक असण्याचे कारण नाही. ते ठाऊक हवे आपल्याला. पुढच्या वेळी त्या गोल पाटीजवळून जाल, तेव्हा वेग कमी करा. आणि आपल्या शाळेसमोर नुसताच त्रिकोण दिसला, तर मुक्कामी पोहोचल्यावर अर्ज लिहायला बसा.