तिखटाच्या पाकिटावरचा 14 आकडी नंबर

उन्हाळ्यात आपल्या वस्तीतल्या कुठल्याही घरासमोर पाहा, खाटेवर पापड, कुर्डया, सरगुंडे नाही तर लाल मिरच्या वाळत असतात. घरापुरतं करता करता बऱ्याच बाया आता बचत गटातून विकायलाही लागल्या. त्यातलीच एक ताई मागच्या महिन्यात माझ्याकडे आली. लायसन नंबर नाही म्हणून दुकानदाराने तिखटाची पाकिटं परत केली होती, आणि नंबर काढून द्यायला एजंट अडीच हजार मागत होता.

एजंटला कशाला द्यायचे? अन्न सुरक्षा व मानके कायदा 2006 च्या कलम 31 प्रमाणे छोट्या उत्पादकाला आणि फेरीवाल्याला लायसन लागत नाही, फक्त नोंदणी लागते. 2011 च्या नियमांत तिची सरकारी फी वर्षाला 100 रुपये ठरली. अर्ज फॉस्कॉस या सरकारी पोर्टलवर भरतात. सोबत फोटो आणि ओळखपत्र ठेवा. अडलं तर यवतमाळला अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात सरळ जाऊन विचारा. मिळणारा नंबर मोठ्या कंपनीच्या पुड्यावर असतो तसाच 14 आकडी असतो. आपल्या हातचं घ्यायला नाक मुरडणारे अजून आहेतच, पण दुकानदाराला निदान ही सबब उरत नाही.

शेतकऱ्याने आपल्या शेतातली तूर तशीच विकली तर हा कायदा लागत नाही. त्याच तुरीची डाळ करून पाकिटं भरली की लागतो.

आता नर्स म्हणून बोलते. नंबर मिळाला म्हणजे माल चांगला झाला असं नाही. मिरची, शेंगदाणे अर्धवट वाळलेले भरले की बुरशी धरते. काही बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं. ते लिव्हर खराब करतं आणि भाजून, शिजवूनही पूर्ण जात नाही. म्हणून बुरशी लागलेली मिरची वेचून बाजूला काढून बाकीची दळू नका. देठ मोडताना कडकन तुटला पाहिजे. हळद उठावदार दिसावी म्हणून कोणी पिवळा रंग देऊ केला तर हात लावू नका. अशा रंगात शिसं असू शकतं आणि ते लेकरांच्या मेंदूवर जातं.

आपला जिल्हा कापसाचा, घरोघरी फवारणीचे डबे. 2017 मध्ये फवारणीच्या विषबाधेने इथे 20 च्या वर शेतकरी-मजूर गेले. तरी तेच कॅन धुऊन त्यात तेल, डाळ भरलेली मी पाहिली आहे. कितीही धुतला तरी तो डबा खाण्याच्या कामाचा नाही. रद्दी पेपरात पापड बांधणंही सोडा, शाई अन्नाला लागते.

ज्या बाईला हगवण, कावीळ किंवा हाताला पिकलेली जखम आहे, तिला त्या दिवसांत कामावर घेऊ नका. पण तिचा रोज कापू नका, नाहीतर ती आजार लपवेल आणि पीठ मळायला बसेल.

ताईची नोंदणी झाली. पाकिटावर मात्र नुसता नंबर छापून आणला. घटक, वजन, तयार केल्याची तारीख, किती दिवसांत वापरायचं, पत्ता आणि शाकाहाराची हिरवी खूण राहूनच गेली. आता दुसरी चिठ्ठी छापायला टाकली आहे.