एक इलेक्ट्रॉन : मोजता येणारा, ओळखता न येणारा

इलेक्ट्रॉनचा उल्लेख आपण जवळजवळ नेहमी घोळक्यानेच करतो. तारेतून इलेक्ट्रॉन वाहतात, अणूत इलेक्ट्रॉन असतात. एक अँपिअर प्रवाह म्हणजे दर सेकंदाला ६२४ वर सोळा शून्ये इतके इलेक्ट्रॉन. या गर्दीतल्या एकाविषयी काही ठामपणे सांगता येईल का?

क्वांटम सिद्धान्ताच्या जनकांपैकी एक, एर्विन श्रोडिंजर, यांचे उत्तर नकारार्थी होते. १९५२ मधल्या एका निबंधात त्यांनी म्हटले की, एकट्या इलेक्ट्रॉनवर आपण कधीच प्रयोग करत नाही. तो फक्त कल्पनेतला प्रयोग असतो. कोट्यवधी वर्षांपूर्वी नामशेष झालेले इक्थिओसॉर प्राणिसंग्रहालयात वाढवता येतील, तरच हे शक्य, असा त्यांचा टोला होता. त्याआधी १९५० साली त्यांनी आणखी एक विधान केले होते : मूलकणाला स्वतःची अशी ओळखच नसते. यातले एक विधान खोटे ठरले आणि दुसरे टिकले. मला या गोष्टीतला खरा रस तिथेच वाटतो.

इलेक्ट्रॉनचा प्रभार तोवर मोजून झाला होता. १९०९ पासून शिकागो विद्यापीठात रॉबर्ट मिलिकन आणि त्यांचे विद्यार्थी हार्वे फ्लेचर यांनी तेलाचे सूक्ष्म थेंब विद्युतक्षेत्रात तरंगत ठेवले. थेंबावरचा प्रभार नेहमी एका ठरावीक किमान प्रभाराच्या पूर्ण पटीत निघे. पण हा इलेक्ट्रॉन थेंबावर बसलेला होता, अब्जावधी अणूंच्या संगतीत.

त्याला खरा एकांत मिळाला तो १९७३ साली, सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात. डेव्हिड वाइनलँड, फिलिप एक्स्ट्रॉम आणि हान्स डेमेल्ट यांनी त्यासाठी पेनिंग सापळा वापरला. निर्वात केलेल्या पोकळीत उभे चुंबकीय क्षेत्र असते. ते इलेक्ट्रॉनला बाजूला पळू देत नाही, गोल फिरवत ठेवते. वर किंवा खाली सटकू पाहिले, तर ऋण प्रभाराच्या टोप्या त्याला परत ढकलतात. असा वरखाली हेलकावणारा इलेक्ट्रॉन भोवतीच्या धातूत अतिक्षीण विद्युतसंकेत उमटवतो. आत एकच आहे हे कळले कसे? आधी काही इलेक्ट्रॉन भरले, मग त्यांना एकेक करून बाहेर घालवले. संकेत जिन्याच्या पायऱ्यांसारखा समान टप्प्यांनी उतरत गेला. शेवटची पायरी म्हणजे एक.

शेजारीच नसल्याने ढकलाढकली नाही, आणि म्हणून मापन विलक्षण अचूक होते. इलेक्ट्रॉन हा एक इवलासा चुंबकही आहे. पॉल डिरॅक यांच्या १९२८ च्या समीकरणानुसार त्याचे चुंबकीय बळ योग्य एककात नेमके १ यायला हवे. जेराल्ड गॅब्रिएल्स यांच्या गटाने २०२३ मध्ये ते १.००११५९६५२१८०५९ असे मोजले. पृथ्वीपासून चंद्रापर्यंतचे अंतर केसाच्या जाडीपेक्षा कमी चुकीने मोजावे, तशी ही अचूकता. एकच्या पुढचे ते जास्तीचे अंश निर्वातातल्या क्षणिक उलथापालथीचे देणे आहेत, असे सिद्धान्त सांगतो, आणि गणिताने काढलेली किंमत मोजलेल्या किमतीशी सुमारे बारा दशांश स्थळांपर्यंत जुळते.

आता दुसरा एकांत. १९७४ साली बोलोन्यात मेर्ली, मिसिरोली आणि पोझ्झी यांनी, आणि १९८९ मध्ये जपानच्या हिताची कंपनीत आकिरा तोनोमुरा व सहकाऱ्यांनी, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून एकेक इलेक्ट्रॉन सोडून पाहिला. वाटेत एक बारीक तार. तिच्या दोन बाजू म्हणजे दोन वाटा. तोनोमुरांच्या प्रयोगात इलेक्ट्रॉनचा वेग प्रकाशाच्या सुमारे ४० टक्के होता. एक पडद्यावर आदळून संपे, तेव्हा पुढचा सहसा निघालेलाही नसे. सुरुवातीला पडद्यावर नुसते विखुरलेले ठिपके दिसतात. हजारो ठिपके जमल्यावर मात्र उजळ-काळे पट्टे स्पष्ट होतात, जसे दोन लाटा एकमेकींत मिसळल्यावर व्हावेत. प्रत्येकजण एकटाच आला होता, तरी प्रत्येकाच्या प्रवासात दोन्ही वाटांचा हिशेब होता. कोण कुठल्या बाजूने गेला, हे तपासायची सोय केली की पट्टे नाहीसे होतात.

तिसरी गोष्ट व्यवहाराची. अतिथंड अर्धवाहकातल्या सूक्ष्म बेटावर एक इलेक्ट्रॉन बसला की तो पुढच्याला दूर लोटतो. या गुणाचा उपयोग करून रहाटगाडग्यासारखे यंत्र बनवता येते : प्रत्येक फेरीला एका गाडग्यात एकच इलेक्ट्रॉन. सेकंदाला अशा शंभर कोटी फेऱ्या झाल्या, तरी प्रवाह जेमतेम अँपिअरच्या सहा अब्जाव्या हिश्शाइतका. तरीही मापनशास्त्राला हे मोलाचे आहे. पूर्वी अँपिअरची व्याख्या दोन अनंत लांबीच्या तारांमधल्या बलावर उभी होती. अशा तारा कुठे मिळणार? २० मे २०१९ पासून एका इलेक्ट्रॉनचा प्रभार १.६०२१७६६३४ × १०⁻¹⁹ कूलोम असा कायमचा ठरवण्यात आला. अँपिअर आता तत्त्वतः मोजणीचा विषय झाला आहे.

म्हणजे श्रोडिंजरांचा इक्थिओसॉर पिंजऱ्यात आला, कामालाही लागला. पण त्याला नाव देता येईल का? डेमेल्ट यांनी तसा प्रयत्न केला. १९८४ मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेत एक पॉझिट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉनचा प्रतिकण, सुमारे तीन महिने एकटा अडकून राहिला. त्यांनी त्याचे नाव ठेवले प्रिसिला. इतके दिवस नजरेखाली असलेल्या कणाला ओळख आहे, असे त्यांचे म्हणणे होते.

मला ते नाव लोभस वाटते, पण ते सापळ्याच्या भिंतींपुरतेच खरे आहे. इलेक्ट्रॉनना खरोखर नावे असती, तर दोघांची अदलाबदल ही नवी मांडणी ठरली असती. निसर्ग तिला नवी मानत नाही. या निनावीपणाशीच तो नियम जोडलेला आहे, ज्यामुळे दोन इलेक्ट्रॉन एकाच अवस्थेत राहू शकत नाहीत. म्हणून ते अणूत थराथरांनी बसतात, म्हणून लोखंड आणि सोने वेगळे, म्हणून दगड हाताला लागतो. प्रत्येक इलेक्ट्रॉनला स्वतःची ओळख असती, तर हे जग असे घडले नसते. एकाला धरून ठेवण्याचे कसब आपण मिळवले. तो ‘कोणता’ हे विचारण्याची सोय मात्र निसर्गानेच ठेवलेली नाही.