हिरव्या पाषाणाची पारख

तामिळनाडूतील काही देवळांत ‘मरकत लिंग’ म्हणून हिरव्या पाषाणाची शिवलिंगे पुजली जातात. मरकत म्हणजे पाचू. परंतु जेड किंवा हिरवा ॲव्हेंच्युरिन यांतील कोरीव काम दिसण्यात पाचूसारखेच असू शकते. नुसत्या रंगावरून निवाडा होत नाही.

डिसेंबर २०२१ मध्ये चेन्नईत मुख्यालय असलेल्या मूर्तिचोरी-विरोधी पोलीस शाखेने तंजावर येथील एका बँकेच्या लॉकरमधून सुमारे ५३० ग्रॅम वजनाचे असे लिंग हस्तगत केले. तिरुक्कुवलै येथील देवळातून २०१६ मध्ये नाहीसे झालेले लिंग ते हेच काय, हा प्रश्न उभा राहिला.

अशा वेळी ओरखडा काढून कठिनता पाहणे योग्य नव्हे. त्याने लिंगाला इजा होते. विशिष्ट गुरुत्वाची कसोटी निर्धोक आहे. हवेत ५३० ग्रॅम भरणारे पाचूचे लिंग पाण्यात टांगून तोलल्यास सुमारे ३३५ ग्रॅम भरेल. तेवढ्याच वजनाचे नेफ्राइट जेडचे ३५०, जेडाइटचे ३७१. ॲव्हेंच्युरिनचे मात्र ३३० भरेल. हा फरक अल्प असल्याने अपवर्तनांकही पाहावा लागतो: पाचूचा सुमारे १.५८, ॲव्हेंच्युरिनचा १.५५.

देवळाच्या दप्तरात हे आकडे आधीच नोंदलेले असतील, तर हरवलेली मूर्ती ओळखणे पुष्कळच सुकर होते.