बोरघाटात ट्रकच्या आसपास गाडी चालवताना

खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरताना बोरघाटात पुढे एखादा ट्रेलर रांगत असेल, तर मागून हॉर्न मारू नका. तो मुद्दाम खालच्या गिअरमध्ये उतरतोय आणि तेच बरोबर आहे. २०१८ पासून मोठ्या ट्रेलरला मालासकट ५५ टनांपर्यंत परवानगी आहे. एवढं वजन नुसत्या ब्रेकवर उतारभर धरलं तर ड्रम तापतात, लायनर जळल्याचा वास येतो आणि पेडल दाबूनही गाडी थांबत नाही. म्हणून अशा ट्रकच्या पुढ्यात कट मारून घुसणं सगळ्यात वाईट. ओव्हरटेक केल्यावर तो अख्खा आतल्या आरशात दिसला, की मगच लेन बदला.

डावी बाजू तर टाळाच. ड्रायव्हर उजवीकडे, उंचावर बसलेला; डाव्या दाराखालची कार किंवा बाईक त्याला दिसतच नाही. आपले ट्रक बऱ्याचदा उजवी लेन सोडत नाहीत, हेही खरं. डिपर द्या, थांबा, बाजू मिळाली की झटकन पुढे निघा. बरोबरीने रेंगाळू नका.

मला सगळ्यात धास्ती वाटते ती रात्री कडेला उभ्या ट्रकची. दिवे बंद, रिफ्लेक्टर चिखलाने माखलेले. हेडलाइटच्या टप्प्यात थांबता येईल एवढाच वेग ठेवा.