बाटलीवरचा सीडार कोणता?

अलिबाग-मुरूडच्या दमट हवेत कपड्यांना कसर लागू नये, म्हणून काहीजण कपाटात ‘सीडारवुड’ तेलाचा बोळा ठेवतात. पण हे तेल एकाच झाडाचे नसते. हिमालयातल्या देवदाराच्या तेलात हिमाचलीन आणि अटलांटोन ही द्रव्ये मुख्य. अमेरिकेचा ‘व्हर्जिनिया सीडार’ मुळात सीडारच नव्हे, तो जुनिपर! त्याच्या तेलात सीड्रीन, थुजोप्सीन, सीड्रोल. म्हणून लेबलवर झाडाचे शास्त्रीय नाव बघूनच बाटली घ्यावी.

अस्सल तेलही नुसते अंगाला लावू नये. तान्ह्या बाळाला तर नाहीच. मुलाने चुकून प्यायले, तर उलटी करवू नका. उलटीतले तेल फुप्फुसात जाऊ शकते. तडक रुग्णालय गाठा आणि बाटली सोबत न्या. नुसत्या वासावरून डॉक्टरांना तेल ओळखता येत नाही.